शेवटची दहा मिनिटं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी एकच सिनेमा इतक्या वेळा पाहिलाय, की त्यातले परग्रहावरचे राक्षससुद्धा आता त्यांना बघून ओळखीचं हसत असतील. हिंदीत डब केलेला सिनेमा. त्यातला शिपाई रोज त्याच लढाईत मरतो आणि पुन्हा त्याच सकाळी जागा होतो. आदल्या खेपेची चूक तेवढी त्याच्या लक्षात राहते. तो मेला की काका सिनेमा थांबवतात आणि समोर जो असेल, मग तो सिलिंडरवाला का असेना, त्याला सांगतात, "मेला न्हाय तो, शिकला." शेवटची दहा मिनिटं मात्र ते कधीच बघत नाहीत. "गडी सुटला. आता त्याचं तिथं काम काय?" असं म्हणून टीव्ही बंद करतात.

काका मूळचे समुद्रकाठच्या उत्तन गावचे. काकू गेल्यापासून इथे जेसल पार्कात एकटेच राहतात, आणि जगतातही त्या शिपायासारखेच. कालवण बिघडलं की दुसऱ्या दिवशी बाजारापासून पुन्हा सुरुवात, त्याच कोळणीकडून, तोच मासा, तेवढाच. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला सहा खेपा घातल्या, त्या सहाही निळ्या चौकड्यांच्या एकाच शर्टात. "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची, पोरी. न्हायतर चूक कुठं हाय ते कळणार कसं?" सातव्या खेपेला खिडकी बदलली आणि काम झालं. यावरून मी त्यांना पोटभर हसून घेतलं होतं.

मग मीच जिन्यात घसरले. आमच्या दारापासून चौथी पायरी, मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला; पण बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि ती पायरी दिसली की मी दार लावून घ्यायचे. चार महिने मी घराबाहेर पडले नाही. खिडकीतून खाडी दिसायची. तिच्या काठी आता या जन्मी जाणं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

एके दिवशी सकाळी दहाला काका आले. अंगात निळा शर्ट. "चल शिपाई." मी दुसऱ्याच पायरीवरून रडत परत फिरले. "मेली न्हायस, शिकलीस," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी दहाला तोच शर्ट, तेच वाक्य. फक्त हात दुसऱ्या बाजूने धरला. एकदा मी रागाने दार उघडलं नाही, तर बाहेर स्टूल टाकून बसून राहिले. असं दीड महिना चाललं. एका बाईची तीच ती भीती रोज नव्याने ऐकून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. शेवटी चौथी पायरी मागे पडली, आणि पुढच्या आठवड्यात मी एकटी खाडीवर जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी दहाला बेल वाजली. काकांनी माझ्या पायांतल्या चपला पाहिल्या. शर्टाची बाही उगाच सारखी करत म्हणाले, "आता तुझं तू जातेस. चांगलं झालं." आणि वर जायला वळले. ती शेवटची दहा मिनिटं काका का बघत नाहीत, ते मला तेव्हा कळलं.

"काका," मी म्हटलं, "त्या चौथ्या पायरीची अजून भीती वाटते हो."

त्यांनी लगेच हात पुढे केला. "चल शिपाई."

याला दोन वर्षं झाली. आम्ही रोज दहाला उतरतो, आणि चौथ्या पायरीवर मी त्यांचा हात जरा घट्ट धरते. भीती केव्हाच गेलीय. ते मी त्यांना सांगणार नाहीये.