सुधामावशींची खिडकी

आजाराचं नाव घ्यायचं असलं की सुधामावशी आधी उठून स्वयंपाकघराची खिडकी लावायच्या. अमेरिकेत, श्रूजबरीत, आमच्या शेजारी त्या आपल्या मुलीकडे, मृणालकडे, राहत. खिडकीबाहेर मराठी कळणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी खिडकी लागायची, आवाज उतरायचा आणि कॅन्सरचं 'ते' व्हायचं. का, असं विचारलं तर एकच उत्तर, "अगं, घरात मुलींची लग्नं व्हायची असतात." घरातल्या सगळ्या मुली केव्हाच उजवून झाल्या होत्या. मला फार हसू यायचं.

मृणालच्या तपासणीला एकदा त्याच सोबत गेल्या. घराण्यात कुणाला कॅन्सर होता का, डॉक्टरांनी विचारलं. मृणालला काहीच ठाऊक नव्हतं. मावशींनी ठणकावून सांगितलं, "नोबडी. ऑल हेल्दी." तसंच नोंदलं गेलं.

पुढे मृणालला छातीत गाठ लागली. ती साधी निघाली, पण त्या संध्याकाळी मावशींनी खिडकी लावली आणि सांगून टाकलं. त्यांची आई 'त्या'नेच गेली होती, दोन्ही बहिणीही.

"आई, तेव्हा का नाही बोललीस? आता 'कुणालाच नव्हता' असं रेकॉर्डवर आहे गं," मृणाल म्हणाली.

डॉक्टरांनी लगेच जनुकांची टेस्ट सुचवली. दोष तिच्यात उतरला असेल तर वेळीच काही करता आलं असतं. विमा कंपनीने नकार दिला. त्यांच्या लेखी घराणं निरोगी होतं, आणि तसं नसेल तर पुरावा हवा होता. स्वखर्चाने करावी, तर मृणालच्या नवऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली. आई-बहिणींचे कागद मिळतात का बघायला मावशींनी अमरावतीला भावाला फोन लावला.

"कागद कुठले, सुधा? अण्णांनी तेव्हाच जाळले ना सगळे. कुणाच्या हाती लागायला नकोत म्हणून."

शेवटी मावशी म्हणाल्या, "मीच बोलते त्यांच्याशी." मृणालने कंपनीचा फोन स्पीकरवर लावला. मी तिथेच होते. खिडकी सताड उघडी होती, आणि मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माय मदर, कॅन्सर. माय सिस्टर कुसुम, कॅन्सर. माय सिस्टर लीला, कॅन्सर. बिफोर, आय टोल्ड लाय."

"आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस, मॅम," पलीकडची मुलगी खरोखर हळवी होऊन म्हणाली. "डू यू हॅव एनी डॉक्युमेंटेशन?"

मावशींनी फोन मृणालच्या हातात दिला आणि भांडी घासायला घेतली. अपीलही फेटाळलं गेलं. कुणाशी भांडायचं तेच आम्हाला कळेना.

त्यानंतर मावशींनाच ते निघालं. डॉक्टर सांगत असताना मृणाल रडत होती. मावशींनी तिला एवढंच विचारलं, "हे लिहून देतील ना?"

त्यांच्या रिपोर्टवर मृणालची टेस्ट मंजूर झाली. मला अजून संताप येतो त्याचा.

मंजुरीचं सांगायला मृणाल पलंगाशी बसली, तेव्हा मावशींना धड बोलवतही नव्हतं. "झालं ना? बरं झालं," त्या म्हणाल्या. इतक्यात चौथीतली नात सई दारातून डोकावली. मावशींनी होता तो आवाजही उतरवला.

"खिडकी लावून घे गं. सईचं लग्न व्हायचंय अजून."