नाथाजीच्या बंडीतला फोन

नाथाजी बैलांचा दलाल होता आणि त्याचं सगळं पोटपाणी त्याच्या उजव्या हातावर चालायचं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात, बोटं धरून आकडा सांगितला जातो. पटलं नाही तर हात सैल सोडायचा, पटलं तर मूठ आवळायची. एकदा मूठ आवळली की सौदा पक्का, मग घरी जाऊन डोकं आपटून घेतलं तरी तो मोडत नाही. वडूजपासून आटपाडीपर्यंतच्या बाजारांत नाथाजीच्या मुठीला मान होता. मूठ सोडून उरलेल्या नाथाजीला किती मान द्यायचा, हे त्याच्या बायकोने, शालूबाईने, लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं.

बैल चालत येताना लांबून बघूनच तो त्याची खोड सांगायचा. हा बुजरा आहे, हा औतात बसतो, याच्या मागच्या पायात दम नाही. स्वतःची खोड मात्र त्याला आरशासमोर उभं केलं तरी दिसत नसे. चार माणसांनी आपल्याकडे बघावं, ही ती खोड. त्यापायी त्याने एकदा काळा चष्मा घेतला होता आणि तो घालून बैलाचे दात बघायला गेला होता. बैलाने तो चष्मा चाटून खाली पाडला.

नव्व्याण्णव सालच्या पावसाळ्यात इस्लामपूरच्या बाजारात एका ऊसबागायतदाराने खिशातून मोबाइल काढला आणि कानाला लावला. नाथाजी तेव्हा एका देखण्या खिलाराची शेपटी उचलून त्याचे गुण सांगत होता. सगळी माणसं त्याच्याकडे पाठ करून त्या बागायतदाराकडे बघायला लागली. नाथाजी शेपटी धरून तसाच राहिला. घरी आला तो जेवलाच नाही.

"मोबाइल घ्याचा," त्याने दुसऱ्या दिवशी जाहीर केलं.

"घ्या की," शालूबाई भाकरी थापत म्हणाली. "गावात चालतोय व्हय?"

"गावात न्हाई. अजून वडुजात बी न्हाई. सातारला हाय, हमरस्त्याला हाय, सांगलीत हाय."

"मंजी फोन आला की यष्टी धरून सातारला जायाचं."

"तुला न्हाई कळायचं त्यातलं."

त्यातलं कळणारी माणसं गावात पुष्कळ निघाली. एकाही घरात मोबाइल नव्हता, पण कुठला घ्यावा याबद्दल पारावर मतांचा नुसता पाऊस. कुणी म्हणालं झाकणाचा घे, पोलिसातले साहेब तोच वापरतात. कुणी म्हणालं शेपटीचा घे, शेपटी जितकी लांब तितकं लांबचं ऐकू येतं. सैन्यातून सुट्टीवर आलेल्या एकाने ‘फंक्शन’ हा शब्द आणला आणि तेव्हापासून नाथाजीच्या तोंडात दुसरा शब्द राहिला नाही. ज्यात फंक्शनं जास्त तो भारी. फंक्शन म्हणजे काय, असं शालूबाईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "फंक्शन मंजी फंक्शन."

सांगलीला ती बरोबर गेली ती गणपतीचं दर्शन घडेल म्हणून. दुकान काचेचं होतं आणि दुकानदार देवदत्त नावाचा तरणा, गुळगुळीत बोलणारा. त्याने तीन फोन मांडले. एक झाकणाचा, एक शेपटीचा आणि एक दोन्ही नसलेला, साबणाच्या वडीसारखा.

नाथाजीने ते बैलासारखे तपासले. झाकण उघडून आत डोकावला, जबडा उघडावा तसा. शेपटी ओढून बघितली. साबणवडीच्या बटणांवरून अंगठा फिरवत दात मोजावेत तशी ती मोजली.

"मामा, हाच घ्या," देवदत्त म्हणाला. "यात हिशेबाचं यंत्र आहे, घड्याळ आहे, गजर आहे, तारखा आहेत, सापाचा खेळ आहे. आणि आवाज नको असेल तर नुसता थरथरतो. त्या दोघांत यातलं निम्मंसुद्धा नाही."

"खोड काय हाय ह्याला?"

"म्हणजे?"

"खोड. मारतो, बुजतो, बसतो, आसंल ती सांगायची. आमच्यात खोड लपवून माल इकत न्हाईत."

देवदत्त हसला. "याला कसली खोड? वर्षाची गॅरंटी आहे."

"आमच्या गावात बोलतोय व्हय ह्यो?" शालूबाईने विचारलं.

"बोलेल की मावशी. टॉवर होणार आहेत सगळीकडे."

"कवा?"

"होतील हो."

खोड होती ती ही. शालूबाईला ती उभ्या उभ्या दिसली. नाथाजी तोवर साप खेळायला लागला होता.

"आवं, बैल घेताना औताला जुपून बघता," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "ह्येला नगं का एकदा आपल्या शिवारात चालवून बघायला?"

"चारचौघांत बोलू नगंस," नाथाजी म्हणाला आणि साप भिंतीवर आपटला म्हणून चुकचुकला. आयुष्यात न चालवता घेतलेलं त्याचं हे पहिलं जनावर.

घरी आल्यावर चार दिवस गाव फोन बघायला आलं, मग येईनासं झालं. न बोलणारा फोन किती बघणार? तेव्हा नाथाजीने त्याच्यातलं एक फंक्शन कामाला लावलं. रोज सकाळी अकराचा गजर. अकराच्या आधी तो बंडी घालून पारावर जाऊन बसायचा. बंडीच्या खिशात फोन वाजला की सावकाश काढायचा, कानाला लावायचा आणि ओरडायचा, "हां, हॅलो! बोला! कोन, जतचं का? बैल बघून ठिवल्यात!" पलीकडे कुणी नसायचं. हातातला फोन पुन्हा वाजला तर तो म्हणायचा, "लाइन कट झाली हुती." घाईत गजर नीट बंद होत नसे, थोड्या वेळाने परत उठायचा.

पाणी आणताना शालूबाईने हे पाहिलं आणि हंडा डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. आपल्या नवऱ्याला बैलांपेक्षा जास्त अक्कल आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं, पण बैल निदान खोटं हंबरत नाहीत.

तिचा जीव मात्र दुसरीकडे अडकला होता. गोठ्यात तिची दोन जुळी खिलार खोंडं होती, पाखऱ्या आणि मोत्या. त्यांची आई लाळ-खुरकुतात गेली, तेव्हा शालूबाईने त्यांना दुसऱ्या गाईला लावलं. ती पाजेना तेव्हा वाटीने, बोटाने पाजलं. आता खोंडं शिंगं रोखून चालायची आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. खोंडं विकायची हे तिलाही मान्य होतं; दुष्काळी शिवारात दोन बैलजोड्यांना काम नव्हतं. तिची अट एकच. जोडी बिराप्पाला द्यायची. बिराप्पा जतकडचा शेतकरी, बैलाच्या खुरावर पाणी घातल्याशिवाय स्वतः चहा न घेणारा. दोनदा येऊन बघून गेला होता, म्हसवडच्या जत्रेत नेतो म्हणाला होता.

"आन् त्या इस्लामपूरच्या हरिबाला न्हाई," ती नाथाजीला म्हणाली. हरिबा शर्यतीचा माणूस. गाडीला जुंपून बैलाच्या शेपट्या दातांनी चावायचा, काठीला खिळा लावायचा. त्याच्याकडे गेलेली जोडी दोन हंगामांत कळाहीन व्हायची.

"देवाशपथ न्हाई," नाथाजी म्हणाला.

जत्रेच्या आधी एक अडचण निघाली. पारावरून घरी येऊन नाथाजी गोठ्यात शिरला आणि गजर परत वाजला की पाखऱ्या दावं तोडायला बघायचा. गिऱ्हाइकासमोर खोंड बुजला तर भाव पडणार. एखाद्याने गजरच बंद केला असता. नाथाजीने आवाज बंद करून थरथर चालू केली. म्हसवडच्या बाजारात अकराला ‘फोन येणार’ नाही, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती.

मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेत माळ जनावरांनी पांढरा झाला होता. शालूबाईने खोंडांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि शेजारी पेंढीवर बसली. बिराप्पा दर्शनाला गेला होता, येतोच म्हणाला होता. तेवढ्यात हरिबा आला. खोंडांभोवती फिरला आणि त्याने टॉवेल पुढे केला.

हात न देणं हा बाजारात अपमान. द्यायचा, आकडा ऐकायचा आणि सैल सोडायचा, एवढंच काम. नाथाजीने हात दिला. शालूबाई बघत होती. टॉवेलाखाली बोटं हलली. नाथाजीने ओठ दुमडून नकाराचं तोंड केलं. आणि एकदम, इंगळी डसावी तसा तो जागच्या जागी उडाला. डावा हात छातीवर गेला, आणि उजव्याची मूठ टॉवेलाखाली गच्च आवळली गेली.

"दिली!" हरिबा ओरडला. "आवळली मूठ! ऐका रं, नाथाजीनं जोडी दिली!"

माणसं गोळा झाली. हरिबाच्या माणसाने नवं दावंही काढलं. विकणारा आपलं दावं ठेवून घेतो, घेणारा आपलं बांधतो, ही रीत.

"न्हाई, न्हाई," नाथाजी घामेजला. "ती मूठ सौद्याची नव्हं."

"मग कशाची? वाताची?"

लोक हसले. सगळ्या दलालांत थोरला अर्जुना पुढे आला. त्याचा शब्द बाजार मानायचा. "नाथाजी, हात तुझा. मूठ तुझी. झालं काय, सांग."

नाथाजीने इकडेतिकडे बघितलं. पारावरची तीन माणसं गर्दीत उभी होती. "फोन आला हुता," तो म्हणाला. "मोठ्या गिऱ्हाइकाचा. त्यानं दचाकलो."

"हितं?" हरिबा खदाखदा हसला. "गड्या, मी इस्लामपूरचा हाय. हमरस्त्यावरचा पेठ नाका सोडला की कुनाचाबी बोलत न्हाई. हितं फोन आला कुठनं, सिद्धनाथाचा?"

"माझा येगळा हाय. लय फंक्शनं हायत त्यात."

"मंजी थापा मारतोस. सौदा पक्का, अर्जुनाबा."

अर्जुनाने होकाराची मान हलवायला सुरुवात केली. शालूबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. एक शब्द बोलायचा होता त्याने. गजर. तो बोलला असता तर खोंडं सुटली असती आणि महिनाभर पारावर केलेलं नाटक बाहेर आलं असतं. नाथाजी बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. त्याने निवडलं होतं. पाखऱ्या तिच्या पदराचं टोक चघळत होता.

ती उठली.

"अर्जुनाबा, फोन नव्हता आला," ती म्हणाली. "ह्यांना कवाच फोन आलेला न्हाई. त्यो गजर हाय. रोज अकराला लावत्यात आन् पारावर बसून एकल्यानंच बोलत्यात."

गर्दीतून हसण्याची अशी लाट उठली की पलीकडचे बैल बिचकले. पारावरच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"बाई, नवऱ्याला वाचवायला कायबी सांगशील तू," हरिबा म्हणाला.

"ह्यांना वाचवतिया व्हय मी?" शालूबाईने नाथाजीच्या बंडीतून फोन उपसला, शेजारची वैरणीची लोखंडी पाटी उलटी घातली आणि तो तिच्यावर ठेवला. "थांबा वाईच. त्यो एकदा दाबून गप बसत न्हाई. धन्यासारखाच हाय."

सगळे पाटीभोवती वाकून उभे राहिले. एवढं लक्ष नाथाजीकडे उभ्या जन्मात कुणी दिलं नव्हतं, आणि आज तो मागे तोंड लपवून उभा होता. थोडा वेळ काही झालं नाही. हरिबा जांभई द्यायला लागला, आणि फोन थरथरला. पाटीवर खडखड करत, खेकड्यासारखा आडवा सरकत कडेला आला आणि मातीत पडला. तिथेही गुरगुरतच राहिला.

अर्जुनाने डोळ्यांतलं पाणी पुसलं. "हरिबा, मूठ ह्या किड्यानं आवळली. ह्येच्यासंगं सौदा केला असशील तर ह्येला दावं बांध आन् ने. खोंडं बाईची."

हरिबा शिव्या देत निघून गेला. अर्जुना नाथाजीकडे वळला तेव्हा हसत नव्हता. "आन् तू. दुष्मनालाबी खोड सांगतो म्हून तुझ्या हातात हात देत हुतो आमी. आता टॉवेलाखाली हात घालायच्या आदी बंडी काढून ठिवायची. सगळ्यांम्होरं."

बिराप्पा अंगारा घेऊन आला. त्याने बंडी काढून ठेवलेल्या नाथाजीच्या हातात हात दिला आणि मूठ आवळली गेली, नीट. शालूबाईने आपली दावी सोडून घेतली. खोंडं बिराप्पाच्या मागून गेली; मोत्याने एकदा मागे बघितलं, पाखऱ्याने तेवढंही नाही. तिला ते बरंच वाटलं.

एसटीत दोन्ही दावी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. नाथाजी बराच वेळ धुसफुसत होता. शेवटी म्हणाला, "बाजारात नवऱ्याची अब्रू घालवलीस तू."

"खोड लपवून इकत न्हाईत, तुमीच म्हनता न्हवं," शालूबाई दाव्याची गाठ सोडवत म्हणाली. "तुमची मी सांगून टाकली. आता घेत आसंल कोन तर बघा."