मामींच्या बोटांची सोनोग्राफी

माझ्या शहाणपणाची गोष्ट आहे, त्यामुळे चहा संपायच्या आत सांगून टाकतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा इंदापुरात राहायचो. सासूबाई, मी त्यांना मामी म्हणतो, लोणी भापकरहून आमच्याकडे आल्या होत्या. सकाळी उठलं की त्यांची बोटं टम्म सुजलेली. मूठ वळायची नाही, भाकरी थापता यायची नाही. एक्स-रे काढला, तर एकदम स्वच्छ. झालं, गावाकडं सुना म्हणायला लागल्या, कामाचा कंटाळा. खरं सांगू? मलाही मनातून तसंच वाटायचं.

बारामतीच्या डॉक्टरांना मात्र संधिवाताचा संशय होता. म्हणाले, "मंगळवारी पुण्याहून एक डॉक्टर येतात. सोनोग्राफी करून घ्या."

आता सोनोग्राफीतलं मला सगळं कळतं, असा माझा समज. बायकोच्या दोन्ही गरोदरपणांत मीच बरोबर गेलो होतो ना. भरपूर पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. त्यात विचारायचं काय?

पण जावयानं सासूजवळ हा विषय काढायचा कुठल्या तोंडानं? मी फक्त पाण्याचा तांब्या पुढं केला. उरलेलं बायकोनं त्यांच्या कानात सांगितलं.

"बोटं दुखत्यात, अन् पाणी कशाला?" मामींनी विचारलं.

"मशिनीला नीट दिसतं," मी म्हणालो.

त्यांना एकटीला अवघड वाटू नये म्हणून मीही प्यायलो. त्यांचा एक तांब्या, माझा एक. असे दोन-दोन झाले.

मामींना घेऊन मी बारामतीची एसटी धरली. ती निघाली आणि प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली. मामी मात्र खिडकीतून ऊस बघत निवांत. काय सोसते ही बाई, म्हटलं. पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटला.

दवाखान्यात नंबर अकरावा. मी भिंतीला टेकून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"जावईबापू, बसा की."

"नको मामी. बसवत नाही."

शेवटी आत बोलावलं. डॉक्टरांनी मामींच्या हाताला गार जेल लावलं आणि बोटांवरून यंत्र फिरवलं.

"हे बघा," ते पडद्याकडं बोट करून म्हणाले, "सांध्याच्या अस्तराला सूज आहे. हाडालाही बारीकसा खड्डा पडलाय. एक्स-रेत तो अजून दिसत नाही. आत्ताच औषध सुरू केलं, तर पुढचं नुकसान बरंचसं टळेल."

मामी पडद्याकडं बघतच राहिल्या. "म्हंजी मी सोंग करत न्हवते?"

"अजिबात नाही, आजी."

त्यांनी दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावला. माझी मान खाली गेली. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणालो, "डॉक्टर, सकाळपासून त्यांनी लघवी धरून ठेवलीय. आता जाऊ देऊ का त्यांना?"

डॉक्टरांनी यंत्र खाली ठेवलं. "बोटांच्या सोनोग्राफीला?"

मामी लाजल्या. "अवो, मी इंदापूरच्या स्टँडवरच जाऊन आले. हितं उतरल्यावर परत एकदा. तुमी रिक्षा बघत हुता. जावयाला कसं सांगायचं?"

"मग धरून ठेवलीय कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

तोवर मी दवाखान्याच्या मुतारीकडं पळत सुटलो होतो.