आक्काचा माग आणि आमचा बेगड

बेगड म्हणजे कथलाचा पातळ, रंगीत, चकचकीत वर्ख. नवरदेवाच्या बाशिंगाला, देवाच्या मखराला तो चिकटवत. त्यावरून खोट्या चकचकाटाला ‘बेगडी’ म्हणू लागले. शब्द मुळात कुठला, कोण जाणे. कन्नडमध्येही ‘बेगडे’ आहे. आम्ही सीमेवरची माणसं पाटीवरच्या अक्षरावरून हमरीतुमरीवर येतो, पण हा शब्द आमचाच म्हणून दोन्हीकडून एकही मोर्चा निघालेला नाही. मला मात्र बेगडाची कीव येते. बाशिंग सोन्याचं आहे, असं कुठल्याच नवरदेवाला वाटत नव्हतं. फसवलं माणसांनी आणि नाव खराब झालं कथलाचं.

माणसांनी म्हणजे, उदाहरणार्थ, माझ्या वडिलांनी.

शहापुरात आमच्या घरामागच्या शेडमध्ये आप्पांचे यंत्रमाग चालतात. पुण्याच्या बायका गाड्या करून येऊ लागल्या आणि प्रत्येकीला हातमागाचीच साडी हवी असायची. तेव्हा आप्पांनी माळ्यावरचा जुना हातमाग उतरवून बाहेरच्या खोलीत जोडला, एका साडीपुरता ताणा, म्हणजे उभं सूत, भरला आणि त्यावर आक्काला बसवलं. आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण. तरुणपणापासून विणत आलेली, यंत्रं आल्यावर रिकामी झालेली. माग पुन्हा लागला म्हणून ती इतकी हरखली, की आधी त्याला हळदकुंकू वाहिलं.

गाडी दारात आली की आप्पा मागची यंत्रं बंद करायचे आणि आक्का आडव्या सुताचा धोटा फेकायची. “किती शांत आहे हो इथं!” असं म्हणून बायका यंत्रावरच्या साड्या आजीच्या हातच्या म्हणून घेऊन जायच्या. एकटी म्हातारी कपाटभर साड्या कधी विणते, हा प्रश्न इतक्या शिकलेल्या बायकांत एकीलाही पडला नाही.

गाडी गेली की आप्पा म्हणायचे, “आक्का, तेवढं उसव बघ. ताणा संपला तर परत कोण भरत बसणार?”

विणायचं आणि उसवायचं. त्या दिवशी आक्काला जेवण जायचं नाही. मला आप्पांचा भयंकर राग यायचा.

मग एक बाई आल्या. मागावरच्या साडीवर हात फिरवत म्हणाल्या, “आजी, मला हीच हवी. पूर्ण करून ठेवा, मी स्वतः न्यायला येईन.”

आक्कानं ते खरं धरलं. त्या दिवसापासून तिनं उसवणं बंद केलं. आप्पा गिऱ्हाईक असल्याशिवाय बाहेरच्या खोलीत फिरकत नसत. मागं यंत्रांचा खडखडाट सुरू झाला की पुढं ही बेधडक विणायची. साडी मागावरून उतरली तेव्हा तिनं मला हाक मारली. “बघ गं. लई वर्सांनी पदर काढला.”

बाई खरोखरच आल्या. आक्कानं साडी उलगडली. पुन्हा पुन्हा उसवून सूत पिंजारलं होतं, तजेला गेला होता. “ही जरा वापरलेली वाटते, नाही?” असं म्हणून बाईंनी कपाटातली यंत्रावरची गुळगुळीत साडी उचलली. “हिच्यात बघा कसा हात जाणवतो!” तीच आक्काच्या हातात देऊन त्यांनी फोटो काढला. आक्का हसली नाही. बाईंना तेही अस्सल वाटलं.

काही दिवसांनी आप्पांनी नवा ताणा भरून घेतला. आक्का मागावर बसली ती स्वतः विणलेली साडी नेसून. पुढच्या गाडीतून उतरलेल्या एका बाईंची नजर त्या काठावर खिळली.

“आजी, ही तुम्हीच विणलीत ना? मला अशीच हवी. सांगाल ती किंमत देते.”

आप्पांनी डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण.

आक्कानं पदर अंगाभोवती ओढून घेतला. “न्हाय बाई,” ती म्हणाली, “ही मशीनवरची हाय.”