तालमीतला कॉम्प्युटर आणि मी गिळलेलं वाक्य

आमच्या तालमीचा कॉम्प्युटर निर्दोष होता. गेली वीस-बावीस वर्षं मी अंबडमध्ये याच्या उलट सांगत आलो. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कोर्टाच्या व्हरांड्यात, विषय निघाला की मी मान हलवून म्हणायचो, "काय करता, मशीनने वस्तादांचा घात केला." लोक हळहळायचे आणि मशीनला शिव्या द्यायचे. मशीनला तोंड नव्हतं. पुढे ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलं तेव्हा दोरीची गाठही मीच मारली. वस्तादांचा आखाडा गेला तो माझ्यामुळे, आणि आता गुडघे गेले, दात गेले, तेव्हा हे तरी नीट सांगून टाकावं म्हणतो.

एक्क्याऐंशी साली मी कोर्टात कारकून म्हणून बदलून अंबडला आलो. तेव्हा माझी छाती फुगवूनसुद्धा शर्टाची घडी मोडत नसे. कुणीतरी म्हणालं तालमीत जा, म्हणून पहाटे गेलो. वस्ताद दारातच उकिडवे बसून कडुनिंबाची काडी चावत होते. माणूस मूळचा वडीगोद्रीचा. लग्न नाही, शेत नाही, दुकान नाही. तालमीच्या मागची एक खोली आणि पुढचा तांबड्या मातीचा आखाडा, एवढाच त्यांचा संसार. त्या मातीला ते ताक पाजायचे, तेल पाजायचे, हळद घालायचे. माणसांना मात्र कधी चहाही पाजला नाही.

पहिल्याच दिवशी मी वीस बैठका मारल्या आणि कोर्टात पुकारा करतात तशा आवाजात म्हणालो, "वीस झाल्या!"

जोर काढणारे तसेच हातांवर थांबले.

वस्ताद आले. "बाबू, आकडा बोलून राह्यला तू?"

"मोजल्या मी. बरोबर वीस."

"कुणाला इकायच्यात का? आकडा तोंडातून गेला की नजर लागते, मांडीतलं बळ जातं. थुंक तिकडं. आता परत मार पहिल्यापासून."

"परत वीस?"

"परत आकडा!"

त्या दिवशी किती झाल्या ते मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टात मी टेबल धरून उठलो आणि टेबल धरून बसलो.

तर तालमीचा हा कायदा होता. मोजायचं मनात, सांगायचं कमी. "किती झाल्या?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर एकच: "झाल्या दोन-चार." केदारखेड्याचा एक पैलवान होता, बैठका मारायला लागला की त्याच्या घामाचं पायाशी डबकं साचायचं. तो म्हणायचा, "आज अंगच चाललं न्हाई, काहीच झाल्या न्हाईत." गडी जसा तयार होत जाई तसा त्याच्या तोंडचा आकडा उतरत जाई. नवखा आलेला बेधडक पन्नास सांगायचा, वर्षाने तोच वीसवर यायचा, आणि कुस्त्या मारायला लागला की दोन-चारवर. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. आकड्यावरूनच आम्ही माणूस ओळखायचो, फक्त उलटा वाचून.

माझी अडचण एवढीच, की मी कारकून. समोर काही घडलं आणि त्याची नोंद झाली नाही तर मला अन्न गोड लागत नाही. मी कोपऱ्यात बसून प्रत्येकाच्या बैठका मनात मोजायचो आणि घरी जाऊन एका जुन्या वहीत पेन्सिलीने लिहायचो. खरे आकडे. बायकोला वाटे मी हिशेब लिहितो. मीही तसंच वाटू दिलं.

नव्वदीनंतर तालमीला नवे अध्यक्ष मिळाले. बियाण्याचं दुकान, पांढरे बूट, बोलण्यात दर दोन वाक्यांना "डेव्हलपमेंट". त्यांनी तालमीच्या बाजूला हॉल बांधला, आरसे लावले, लोखंडी यंत्रं आणली आणि "फिटनेस सेंटर" अशी पाटी ठोकली. व्यायामाच्या सायकलीही आल्या. वस्तादांनी एका सायकलीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "शीट हाय, पायडल हाय, अन् चाक एकच, तेबी हवेत. ह्याच्यावर बसून वडीगोद्री कधी यायची?"

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांचा डोळा आखाड्यावर होता. हॉल अपुरा पडत होता आणि मधोमध ही मातीची जागा. शेवटी कमिटीत ठरलं, की आखाड्यातल्या पोरांची प्रगती दिसत राहिली तर आखाडा राहील. नाही दिसली तर तिथे फरशी. वस्ताद म्हणाले, "दिसंल की. डोळे हायेत न्हवं?" पण डोळ्यांनी बघणार कोण? तोवर कॉम्प्युटर आला होता.

दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. कॉम्प्युटरला आम्ही नारळ फोडला, उदबत्ती लावली, वर प्लास्टिकचं झाकण घातलं. कोर्टात टायपिंग करणारा म्हणून तो माझ्या ताब्यात आला. सॉफ्टवेअरवाला तरुण जालन्याहून एसटीने यायचा. सभासदांची यादी, हजेरी, बॅचच्या वेळा, सगळं त्याने त्या डब्यात बसवून दिलं. देवाचं नाव पहिलं असावं म्हणून सभासद क्रमांक एक मी मारुतीरायाला दिला. पत्ता: तालीम, आतली भिंत.

मग त्या तरुणाला दर तीन-चार महिन्यांनी नवीन काहीतरी सुचायचं. खिशातून फ्लॉपी काढायचा आणि म्हणायचा, "काका, नवीन व्हर्जन आलंय. फीचर बघा फक्त."

पहिलं फीचर वाढदिवसाचं. ज्याचा वाढदिवस त्याचं शुभेच्छापत्र आपोआप छापून येणार. एक जूनला सकाळी मी बटण दाबलं आणि प्रिंटर जो सुरू झाला तो थांबेचना. शाळेत नाव घालताना ज्याची जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नसे, त्याची मास्तर एक जून लिहून टाकत. आखाड्यातले झाडून सगळे आणि हॉलमधले निम्मे त्याच दिवशी जन्मलेले. कागदाची गड्डी संपली तरी प्रिंटर रिकाम्या रुळावर शुभेच्छा देत होता. वस्ताद दारातून बघत होते. म्हणाले, "यवढ्या बाया एकाच दिवशी बाळंत झाल्या! सुईण कुठून आणली व्हती रे?"

दुसरं फीचर गैरहजेरीचं. आठ दिवस न आलेल्याला पत्र: "आपण दिसला नाहीत, आपली उणीव भासते." पहिलंच पत्र निघालं ते मारुतीरायाला. हजेरी लावायला तो काही टेबलाशी येत नव्हता. दर आठ दिवसांनी त्याची उणीव भासू लागली. मी ती पत्रं गुपचूप फाडायचो, पण एक वस्तादांच्या हाती लागलं. त्यांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं, मारुतीच्या तसबिरीखाली भातानं चिकटवलं आणि हात जोडून म्हणाले, "देवा, नाव कटंल. येत जा."

इथपर्यंत सगळी मजा होती.

तिसरं फीचर प्रगतीचं. दर आठवड्याला प्रत्येकाच्या व्यायामाचा आकडा भरायचा. सहा महिन्यांनी मशीन आलेख काढून दाखवणार, कोणत्या शिकवणाऱ्याची बॅच वर गेली आणि कोणाची खाली. अध्यक्षांनी टाळी वाजवली. "असंच पाहिजे. डेव्हलपमेंट दिसली पाहिजे."

मी कागद घेऊन आधी हॉलमध्ये गेलो. तिथे आरशासमोर उभे राहून लोक दहाचे वीस सांगत आणि वर विचारत, "तीस लिहिता येतं का?" मग आखाड्यात गेलो. केदारखेड्याचा पैलवान घाम निथळत उभा होता.

"किती झाल्या?" मी विचारलं.

त्याने वस्तादांकडे पाहिलं. वस्तादांनी आभाळाकडे.

"लिवा दोन-चार," तो म्हणाला.

मी चार लिहिलं. त्या सकाळी त्याच्या किती झाल्या ते मी मनात मोजलेलं होतं आणि घरी जाऊन वहीत लिहिलंही. मशीनमध्ये मात्र चार. असं सहा महिने चाललं. नवखे तयार होत गेले, तसे पन्नासाचे वीस झाले, विसाचे दोन-चार झाले. त्या मोसमात आमच्या पोरांनी आसपासच्या जत्रांतून कुस्त्या मारून इतके फेटे आणले, की वस्तादांच्या खोलीत झोपायला जागा उरली नव्हती. मशीनमध्ये त्यांची रेघ विहिरीच्या पायऱ्यांसारखी खाली उतरत होती. मी ती रोज बघत होतो.

रविवारी सकाळी बैठक भरली. अध्यक्षांनी छापलेला आलेख सतरंजीवर पसरला. हॉलची रेघ वर, आखाड्याची खाली.

"वस्ताद, हे काय आहे?"

वस्तादांनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "मला यातलं काय कळतं? जत्रा झाल्या, ते फेटे बघा की."

"फेटे कुणीही बाजारातून आणतो. इथं सहा महिन्यांची नोंद आहे."

वस्ताद माझ्याकडे वळले. "बाबूला इचारा. बाबूला सगळं माहीत हाय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. अध्यक्ष चारचौघांत मला "सिस्टिमवाले साहेब" म्हणायचे. कोर्टात मला आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. तिथे मी "ए, फाइल आण" होतो. आकडे खोटे आहेत म्हटलं असतं तर सिस्टिम खोटी, सहा महिने खोटे आणि साहेबही खोटा. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "नोंद बरोबर आहे."

एवढंच बोललो. वस्ताद उठून बाहेर गेले.

आठवडाभरात आखाडा खणला. माती हॉलच्या दारातल्या कुंड्यांत भरली. तिच्यात क्रोटन लावले, ते तेलाने आणि ताकाने वाळून गेले. एक पोतं माती वस्तादांनी आधीच भरून ठेवली होती. ते गावी परत निघाले तेव्हा मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. एवढी लाज मला होती, आणि एवढीच होती. पोतं पाहून कंडक्टर म्हणाला, "काय हाय ह्याच्यात?"

"माती."

"वडीगोद्रीत माती न्हाई का?"

"हाय. पण तिला अजून वळण न्हाई," वस्ताद म्हणाले आणि पोत्याचं वेगळं तिकीट काढून पोत्यावरच बसले.

स्वतःची समजूत घालायला मी एक कारण शोधून ठेवलं होतं. चांगलं मजबूत कारण. मी म्हणायचो, खरं सांगायचं तर खरे आकडे बोलावे लागले असते, आणि आकडा बोलणं हा तर वस्तादांचाच नियम मोडणं. म्हणजे मी गप्प बसलो तो एका अर्थी त्यांचा मान राखायला! हे कारण घेऊन मी सात-आठ वर्षं बरा झोपलो. मग निवृत्त झालो, वेळच वेळ झाला आणि झोप जाऊ लागली. एक दिवस ती पेन्सिलीची वही पिशवीत घातली आणि वडीगोद्रीची एसटी पकडली.

हायवेलगत टायरच्या दुकानामागे पत्र्याच्या सावलीत दोन हात रुंद आखाडा होता. दोन ट्रकवाले लुंग्या खोचून बैठका मारत होते आणि वस्ताद समोर उकिडवे बसून काडी चावत होते. वाळले होते. मला पाहून म्हणाले, "बाबू, बारीक झाला तू. बस."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. वही काढली. "वस्ताद, माझ्याकडे तेव्हा खरे आकडे होते. सगळ्या पोरांचे. रोजचे. खिशात होते म्हणा ना."

"माहीत हाय. तुझे ओठ हालायचे मोजताना."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"मी कामून बोलू? नोंद तुझी व्हती."

मी माझं मजबूत कारण पुढे केलं. नियम, आकडा, नजर, त्यांचा मान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग काडी थुंकली.

"आकडा सांगायला तुला कोण म्हन्लं व्हतं? 'ही पोरं कमी सांगतेत' यवढंच म्हणायचं व्हतं. त्यात आकडा कुठं येतो?"

ट्रकवाले थांबले होते. एवढी वर्षं मी ते कारण जपलं होतं, आणि त्यातून असा सरळ रस्ता जातो हे मला एकदाही दिसलं नव्हतं. की दिसलं होतं, आणि मी तिकडे पाहिलं नाही.

वही त्यांनी घेतली नाही. उघडूनही पाहिली नाही. म्हणाले, "आलाच हाय तर मार बैठका."

"या वयात?"

"मोजू नको फक्त. ओठ मिट."

मी शर्ट काढून खुंटीला लावला. पायाखाली आमच्या आखाड्याची माती होती, वास ओळखीचा. ओठ घट्ट मिटून मी उठलो-बसलो, आणि मनात आकडा येऊ लागला की वस्ताद नेमके काहीतरी खेकसायचे आणि तो विस्कटायचा. घरी आलो तर बायको म्हणाली, "लंगडताय कशानं? काय करून आलात?"

"बैठका."

"किती?"

"दोन-चार," मी म्हणालो.

वस्ताद पुढे दोन वर्षांनी गेले. वही माझ्याजवळच आहे. तिच्यातले आकडे मी कुठेही लिहिणार नाही, इथेही नाही. पण अंबडमध्ये ज्यांना मी मशीनची गोष्ट सांगितली त्या सगळ्यांसाठी, आणि त्या रविवारी सतरंजीवर बसलेल्यांपैकी जे कुणी उरले असतील त्यांच्यासाठी, एक वाक्य राहून गेलं होतं ते लिहितो: ती पोरं कमी सांगत होती, आणि मला ते माहीत होतं.