चिंचोक्याएवढा शंख

हातात दगड आला की बाई आधी तो जिभेला लावत. नवे विद्यार्थी तोंड वाकडं करत. "ओला केला की रेघा उठून दिसतात," बाई सांगत, आणि वर, "कालवण काय नुसतं बघून कळतं?"

दादरच्या आमच्या कॉलेजात त्या भूगर्भशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या विभागात नवीनच लागलो होतो. बाई राहायच्या लालबागच्या चाळीत, आईबरोबर. वडील गिरणीत होते, ते कधीच गेलेले. सुट्टी लागली की बाई कच्छ गाठायच्या. तिथल्या टेकड्या म्हणजे कधीकाळचा समुद्रतळ.

तिथून त्यांनी चिंचोक्याएवढे काही शंख आणले. समुद्री गोगलगायींचे, लाखो वर्षांत दगड झालेले. "ही जात अजून कोणी नोंदवलेली नाही," असं म्हणत त्यांनी निबंध पाठवला. तो तपासणाऱ्या परदेशातल्या तज्ज्ञाचं उत्तर आलं: ही नवी जात नव्हे, एका माहीत असलेल्या मोठ्या जातीची पिल्लं आहेत.

विभागात काहीजण गालात हसले. बाईंची निवृत्ती तोंडावर आली होती. आता त्या गप्प बसतील असं मलाही वाटलं.

"पिल्लं म्हणे! चल रे, पुरावा आणू."

या गोगलगायींची वाढ पुरी झाली की शंखाच्या तोंडाची कड जाड होते. आमच्या सगळ्या शंखांची कड नेमकी तुटलेली. एक अख्खा मिळाला की निकाल लागणार होता. गुडघ्याला पट्टा बांधून बाई उन्हातान्हात पुन्हा कच्छच्या टेकड्या चढल्या. परतायच्या दिवशी एका ढेकळातून शंखाचं टोक डोकावलं. तोंड आत मातीत. तिथे उकरायचा धीर त्यांना झाला नाही. ढेकूळ कापसात गुंडाळून, मांडीवर घेऊन त्या मुंबईपर्यंत आल्या.

लालबागच्या गॅलरीत सकाळच्या उजेडात त्या सुईने माती काढायला बसल्या. मी भिंग धरलं.

"तांदूळ निवडतंस काय गो?" आईने दारातून विचारलं.

"तांदूळ मोडलो तरी भात होता गे आये. ह्यो मोडलो तर सगळाच संपला."

माती कणाकणाने सुटत गेली आणि सुई थांबली. कड पूर्ण होती. जाड, गोल, कुठे टवका नाही.

"पिल्लू कसलं!" बाई ओरडल्याच. "म्हातारी आहे ही, माझ्याएवढी!"

फोटो गेले. तज्ज्ञाने सरळ लिहिलं: तुमचं बरोबर, माझं चुकलं.

त्या दिवशी बाईंनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "भाच्याला मुलगा झाला वाटतं?"

"गोगलगाय झाली!"

काकूंनी पेढा तोंडात टाकला. "सुखरूप आहे ना? मग झालं."

बाई आता नाहीत. तुम्हाला ठाऊक असेल, नव्या जातीच्या नावामागे ती पहिल्यांदा नोंदवणाऱ्याचं आडनाव लागतं, कायमचं. परवा दूरच्या एका देशातला निबंध वाचनात आला. तिथल्या खडकातही तीच गोगलगाय सापडली म्हणे. लॅटिन नाव, आणि त्याच्यामागे बाईंचं खास मालवणी आडनाव. तिकडच्या लोकांना ते नीट म्हणता येतं की नाही, कोण जाणे. पण लिहावं लागतंच.