भागामावशीचा बांध

सकाळी मेंढरं सोडण्याआधी भागामावशी आपल्या शेताचा बांध चालून यायची. एखादा दगड सरकलेला दिसला की उचलून जागेवर ठेवायची. पलीकडचं शेत तात्यांचं. तात्या आमच्या सोसायटीचे चेअरमन, आणि त्यांचा नांगर दर साली हा बांध थोडाथोडा कोरायचा. मी सोसायटीतला कारकून. ब्र काढायची माझी प्राज्ञा नव्हती.

"वैनी, नांगराच्या एका तासानं काय बिघडतंय?" तिचा दीर म्हणायचा.

"तासाचं न्हाई रं. गप बसलं की त्याला वाटतं, हितं माणूसच ऱ्हात न्हाई."

त्या वर्षी चीननं हल्ला केला. मावशीचा एकुलता एक लेक, रामा, सीमेवर होता. रॉकेल आणि साखर मिळेनाशी झाली. बायकांनी बोटातल्या अंगठ्या काढून संरक्षण निधीला दिल्या. मावशीकडं सोनं कुठलं? तिनं घरच्या लोकरीचं घोंगडं आणून माझ्या टेबलावर टाकलं. "लई थंडी हाय म्हनं तिकडं."

संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर मी पेपर वाचून दाखवायचो. एकदा तात्या म्हणाले, "नुस्ता बर्फ तर हाय. द्यावा अन् मोकळं व्हावं. कावून पोरं मारायची?" बोलणं अगदीच वावगं नव्हतं, बऱ्याच माना हलल्या.

कडेला बसलेली मावशी म्हणाली, "आमच्या माळावर तरी काय पिकतंय, तात्या? पर तुमचा नांगर येतोच की."

लोक हसले. तात्या हसले नाहीत.

त्यात पावसानंही दगा दिला होता. कडबा सोसायटीतून मिळायचा, म्हणजे तात्यांच्या हातून. मावशीला निरोप गेला: बांधाचं सोडा, कडबा न्या. तिनं मेंढरं हाकली ती थेट कपिलधारच्या डोंगरात. परतली तेव्हा कळप निम्मा झाला होता. मला तिचा रागच आला. असला हट्ट गरिबाला परवडतो का?

त्याच आठवड्यात तार आली. रामा लढाईत कामी आला होता.

तात्या भेटायला आले. खरोखर हलले होते ते. म्हणाले, "भागाबाई, खरं सांगा. त्यो बर्फ देऊन टाकला असता तर पोरगं वाचलं असतं का न्हाई?"

मावशी म्हणाली, "दिला असता, तात्या. बर्फ, माळ, ह्यो बांध, समदं दिलं असतं. म्हनून तर असलं आईला इचारू न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधावर गेली. ती डोंगरात असताना नांगर फिरून गेला होता. मावशीनं पदर खोचला आणि दगड वेचायला लागली.